कांडी कुणी भरली?

आजच्या भाषणाचा विषय आहे आपल्या सोलापूरची कला. म्हणजे ती कुठे असते, कुणी केली आणि त्यात आपण बायका कुठे आहोत.

घरी पाहुणे आले की आपण त्यांना काय काय दाखवतो ते ठरलेलं आहे. सिद्धेश्वराचं देऊळ, तलाव, भुईकोट किल्ला, महापालिकेची इंद्रभुवन इमारत. मग एखाद्या चादरीच्या दुकानात नेतो आणि जाताना शेंगाचटणीची पिशवी हातात देतो. पण एखादीनं मधेच विचारलं, की इथे चित्रं, कलाकुसर, असं काही बघायला कुठे मिळतं, तर आपण जरा अडखळतो. मुंबईत जहांगीर कलादालन आहे, १९५२ पासून आहे. तसं पटकन बोट दाखवावं असं ठिकाण आपल्याला सुचत नाही. नाटक असेल तर हुतात्मा स्मृती मंदिराचं नाव सांगतो, व्याख्यान असेल तर फडकुले सभागृहाचं. चित्राचं नाव निघालं, की "आमचं गाव कामगारांचं, इथे कुठली कला?" असं म्हणून मोकळे होतो.

हे म्हणणं आम्हाला पटत नाही. सोलापुरात कला आहे आणि ती शेकडो वर्षांची आहे. पण ती भिंतीवर चौकटीत टांगून, खाली कलाकाराच्या नावाची चिठ्ठी लावून ठेवलेली नाही. ती मागावर आहे, रस्त्यावर आहे, फडात आहे, आणि एखाद्या संध्याकाळपुरती अंगणात आहे. खाली चिठ्ठी नसल्यामुळे दोन गोष्टी झाल्या. एक, आपण तिला कला म्हणायचं विसरलो. दोन, ती करणाऱ्यांची नावं गेली, आणि त्यातही बायकांची सगळ्यात आधी गेली.

सुरुवात मागापासून करू. १८६० साली रेल्वे सोलापूरपर्यंत आली. १८७७ मध्ये मोरारजी गोकुळदासांची कापडगिरणी सुरू झाली, तीच आपली "जुनी गिरणी". पुढे नरसिंग गिरजी, विष्णू, लक्ष्मी अशा गिरण्या उभ्या राहिल्या. गिरणीमुळे सूत गावातच मिळू लागलं, रेल्वेमुळे माल बाहेर जाऊ लागला, आणि तेलंगणातली पद्मशाली विणकर कुटुंबं मोठ्या संख्येनं इथे येऊन स्थिरावली. येताना त्यांनी माग चालवायचं कसब आणलं, तेलुगू भाषा आणली, मार्कंडेय ऋषींची भक्ती आणली. आज आपण ज्याला पूर्वभाग म्हणतो, तो या माणसांनी वसवला. आधी हातमागावर लुगडी निघत. हळूहळू यंत्रमाग आले आणि लुगड्याच्या जागी चादर आणि टॉवेल आले. सोलापुरी चादर आणि सोलापुरी टेरी टॉवेल या दोन्हींना आता भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. म्हणजे दुसऱ्या गावच्या मालावर सोलापूरचं नाव लावायला कायद्यानं मनाई आहे.

चादर आपण रोज अंगावर घेतो, म्हणून तिच्याकडे नीट बघत नाही. आज रात्री बघा. त्यावरचा मोर, फूल, वेलबुट्टी, चौकटी हे छापलेलं नाही, विणलेलं आहे. चादर उलटी केली की तेच चित्र रंग बदलून दिसतं. पुढे जिथे लाल, तिथे मागे पांढरं. ही करामत जेकार्डची. जोसेफ मारी जेकार्ड नावाच्या फ्रेंच माणसानं लिऑन गावात १८०४ च्या सुमारास हे साधन तयार केलं. त्याची रीत अशी: आधी चौकटीच्या कागदावर नक्षी काढायची. कागदावरची एक आडवी ओळ म्हणजे मागावरचा एक आडवा धागा. त्या प्रत्येक ओळीसाठी पुठ्ठ्याचं एक कार्ड घ्यायचं आणि त्याला नक्षीप्रमाणे भोकं पाडायची. जिथे भोक आहे तिथला उभा धागा वर उचलला जातो, जिथे नाही तिथला खाली राहतो, आणि मधून धोटा जातो. अशी शेकडो कार्डं दोऱ्यानं एकमेकांना बांधून त्यांची माळ मागावर टांगतात. माळ फिरत राहते आणि मोर विणला जातो. भोक आहे किंवा नाही, एवढ्या दोनच खुणांवर सगळा हिशेब. पुढे संगणकाच्या सुरुवातीच्या काळात माहिती भरायला जी भोकांची कार्डं वापरली गेली, त्यांचं मूळ इथेच आहे.

आता विचार करा. कागदावर तो मोर कुणी काढला? त्याची मान किती वळवायची, पिसाऱ्यात किती डोळे ठेवायचे, चार हात लांबीच्या कापडात तो कसा बसवायचा, हे कुणीतरी ठरवलं. तो माणूस चित्रकारच. फक्त त्याचं चित्र हजारो घरांत गेलं आणि सही कुठेच गेली नाही. आता नक्षी संगणकावर काढतात, आणि जिथे पुठ्ठ्याच्या माळेची गरज उरली नाही तिथे ती अडगळ ठरते. एक माळ रद्दीत गेली, की एक चित्र गेलं.

चादरीपेक्षा कमी माहीत असलेली गोष्ट म्हणजे सोलापूरच्या हातमागावरच्या तसबिरी. आपल्याकडे त्यांना सरळ "वॉल हँगिंग" म्हणतात. भिंतीवर लावायचं विणलेलं चित्र. देवादिकांची, शिवाजी महाराजांची, गांधीजींची, बाबासाहेबांची, एखाद्या घरातल्या गेलेल्या वडीलधाऱ्याची. दुरून बघितलं तर रंगवलेलं वाटतं, जवळ गेलं की धागे दिसतात. इथे यंत्राचा वेग कामाचा नाही. विणकर चित्राचा आराखडा नजरेसमोर ठेवतो आणि रंगीत धाग्याचे छोटे छोटे तुकडे बोटांनी घालत, एकेक आडवा धागा फणीनं ठोकत जातो. गालावरची सावली दाखवायची तर फिक्यापासून गडदपर्यंत धाग्याच्या कितीतरी छटा लागतात. चूक झाली तर रंगासारखी वरून पुसता येत नाही, उसवावं लागतं. एका तसबिरीला आठवडे लागतात, कधी महिने. पॅरिसमध्ये गोबेलँ नावाचा राजाश्रयाचा कारखाना १६६२ साली सुरू झाला. तिथे असंच चित्र विणतात आणि जग ते बघायला जातं. कसब त्याच जातीचं आहे. फरक इतकाच, की तिथे कारखान्यालाच संग्रहालयाचा मान मिळाला, आणि इथे विणकराला दिवसाच्या मजुरीचा हिशेब करावा लागतो. महिनाभर एका चित्राला देऊन जेवढे पैसे मिळतात, त्यापेक्षा यंत्रमागावर किंवा दुसऱ्या कामात जास्त मिळत असतील, तर घरचा मुलगा हे काम का शिकेल? म्हणून तसबिरी विणणारे हात थोडे उरलेत.

इथपर्यंत आम्ही "विणकर बसतो", "विणकर ठोकतो" असंच म्हणत आलो. सोलापुरात मागावर बहुतेक पुरुष बसले, हे खरं आहे. पण माग चालायला कांडी लागते. धोट्यात जी सुताची बारीक गुंडाळी बसवतात, ती कांडी. ती संपली की माग थांबतो. ती कुणी भरली? घरातल्या बायकांनी. चूल आटोपली की रहाटापाशी बसायचं, लडीचं सूत सोडवायचं, तुटलेला धागा सांधायचा, कांड्या भरून टोपलीत टाकायच्या. मुली सात-आठ वर्षांच्या झाल्या की त्याही बसत. सुताला खळ लावणं, वाळवणं, रंगाप्रमाणे लावून ठेवणं ही कामं घरातच होत. तसबिरीला ज्या पन्नास छटा लागतात, त्या हातापाशी क्रमानं आणून ठेवणारं माणूस लागतं. या कामाला वेगळी मजुरी नसे. विणकराच्या मजुरीतच ते धरलेलं असे, म्हणजे धरलेलंच नसे. गिरण्यांतही बायका होत्या, पण मुख्यतः सूत गुंडाळण्याच्या आणि रिळाच्या खात्यांत. तिथलाही पगार मागवाल्याच्या खालचा.

सरकारी कागदातही ही वाटणी दिसते. २०१९-२० मध्ये देशातली चौथी हातमाग गणना झाली. तिच्यात सुमारे ३५ लाख २२ हजार माणसं हातमागाच्या कामात मोजली. त्यांतली २६ लाख ७३ हजार "विणकर" आणि ८ लाख ४८ हजार "पूरक काम करणारे". देशभर बघितलं तर विणकरांतही बायकाच जास्त आहेत, शंभरात बहात्तर. कारण ईशान्येच्या राज्यांत माग बाईच चालवते. म्हणजे बाईला विणता येत नाही असं कुठेच नाही. जिथे विणकाम बाजारासाठी, नावासाठी आणि पैशासाठी झालं तिथे मागाची बैठक पुरुषाकडे गेली आणि कांडी बाईकडे राहिली.

याची उलट बाजू परदेशात बघायला मिळते. जर्मनीत १९१९ साली बाउहाउस नावाची कलाशाळा निघाली. नव्या विचारांची म्हणून ती जगभर गाजली. तिथे मुलींना प्रवेश होता, पण बहुतेकींना विणकामाच्या खात्यात पाठवत. चित्र आणि इमारतींची कामं मुलांकडे. ॲनी अल्बर्स १९२२ मध्ये तिथे शिकायला गेली. तिला मागावर बसायची हौस नव्हती, दुसरं काही मिळालं नाही म्हणून बसली. पण धाग्यातच तिनं असं काम केलं, की १९४९ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयानं तिच्या विणकामाचं स्वतंत्र प्रदर्शन भरवलं. तिथे माग हलका समजला, म्हणून तो बायकांना दिला. आपल्याकडे माग कमाईचा, म्हणून तो पुरुषांकडे गेला. दोन्हीकडे मोजणी मात्र एकच: बाईच्या हातात जे येईल ते पूरक, ते घरकाम, ती कला नव्हे.

आता मागावरून उठून अंगणात येऊ. पूर्वभागात नवरात्राच्या दिवसांत बतुकम्मा करतात. तेलंगणातला हा बायकांचा सण इथे माणसांबरोबर आला आणि टिकला. भाद्रपदाच्या अमावास्येपासून अष्टमीपर्यंत नऊ दिवस. पितळेच्या ताटात पानं अंथरायची आणि त्यावर फुलांचे थर गोलाकार रचत न्यायचे. खाली रुंद, वर निमुळतं, देवळाच्या शिखरासारखं. झेंडू, शेवंती, तरवडाची पिवळी फुलं, जी हातात येतील ती. रंगांचा क्रम ठरवायचा, थर ढासळू द्यायचा नाही, वर हळदीची गौर ठेवायची. मग सगळ्यांनी आपापली बतुकम्मा मधे ठेवून भोवती फेर धरायचा, टाळ्या वाजवत गाणी म्हणायची, आणि शेवटी ती पाण्यात सोडून द्यायची. दिवसभर विड्या वळून ज्यांची बोटं दुखतात, त्याच बायका संध्याकाळी हे शिखर रचतात. २०१४ मध्ये तेलंगण राज्य झालं तेव्हा त्यांनी बतुकम्मा हा राज्याचा सण ठरवला. आपल्याकडे तो गल्लीचा सण आहे. कलेच्या शाळेत याला रचना म्हणतात, रंगसंगती म्हणतात. पूर्वभागात ते आजीनं नातीला शिकवलेलं असतं.

सोलापूरचा सगळ्यात मोठा उत्सव म्हणजे संक्रांतीची सिद्धेश्वर यात्रा, आपला गड्डा. बाराव्या शतकातले शिवयोगी सिद्धरामेश्वर हे कन्नड वचनकार. त्यांनी इथे तलाव खोदवला, अडुसष्ट लिंगांची स्थापना केली. यात्रेत सात नंदीध्वज निघतात. उंचच उंच बांबूच्या काठ्या, त्यांना कापड आणि साज चढवलेला. पांढरी बाराबंदी घातलेले मानकरी त्या कमरेवर तोलून चालतात. तैलाभिषेक, संमती कट्ट्यावरचा अक्षता सोहळा, होम आणि शेवटी शोभेचं दारूकाम असे ते दिवस. मिरवणुकीच्या वाटेवर पायघड्या घालाव्यात तशी रांगोळी घातली जाते. सकाळी डोळे दिपतील अशी असते, आणि नंदीध्वज पुढे गेले की पावलांखाली पुसून जाते. कुणी तिचं दुःख करत नाही.

या सगळ्याच्या मुळाशी जी कथा आहे, ती आपल्यातल्या प्रत्येकीला माहीत आहे. एक कुंभारकन्या रोज सिद्धरामेश्वरांच्या जागेसमोर सडा-रांगोळी घालायची. तिनं त्यांच्याशी लग्नाचा हट्ट धरला. ते संन्यस्त, म्हणून त्यांनी आपल्या योगदंडाशी तिचं लग्न लावून दिलं. त्या लग्नाच्या अक्षता आपण आजही टाकतो. दुसऱ्या दिवशी होम मैदानावर बाजरीच्या पेंढीला नवरीचा साज चढवतात, तीच ती कुंभारकन्या, आणि ती होमात जाते. नंदीध्वज हे योगदंडाचं रूप. त्याचे मानकरी कोण, पहिल्या काठीचा मान कुणाचा, हे पिढ्यान् पिढ्या नावानिशी ठरलेलं आहे. नवरीला मात्र आम्ही लहानपणापासून "कुंभारकन्या" म्हणूनच ओळखतो. तिची जात सांगितली, बापाचा धंदा सांगितला. तिनं रोज रांगोळी घातली हेही सांगितलं. तिला हाक काय मारत होते ते कथा सांगत नाही. श्रद्धेला धक्का लावण्यासाठी आम्ही हे बोलत नाही. अक्षता आम्हीही टाकतो. पण या गावच्या सगळ्यात मोठ्या सोहळ्याची सुरुवात एका बाईच्या रांगोळीनं झाली, एवढं तरी आपल्या मुलींना सांगायला हवं.

आता फडाकडे वळू. पेशवाईच्या अखेरच्या काळातले लावणीकार राम जोशी सोलापूरचे. घराणं कीर्तनाचं आणि पुराणिकाचं, पण त्यांचं मन तमाशात रमलं. थोरल्या भावानं घराबाहेर काढलं, तसे ते पंढरपूरला जाऊन संस्कृत शिकले, पुढे मोरोपंतांच्या सहवासामुळे कीर्तनाकडे वळले, असं त्यांचं चरित्र सांगतात. १९४७ साली त्यांच्यावर "लोकशाहीर राम जोशी" हा बोलपट निघाला. त्यात बयेचं काम हंसा वाडकरांनी केलं. लावणी लिहिणाऱ्याचं नाव राहिलं. त्या काळी ती पायात चाळ बांधून लोकांसमोर उभी करणाऱ्या बायकांपैकी किती जणींची नावं आपल्याला सांगता येतील?

विठाबाईंचं नाव मात्र राहिलं. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर १९३५ साली पंढरपुरात जन्मल्या, विठ्ठलाच्या गावी म्हणून नाव विठा. १९५७ मध्ये आणि पुन्हा १९९० मध्ये त्यांना राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान मिळाला. पोटात पूर्ण दिवसांचं मूल असताना त्या बोर्डावर नाचत होत्या, कळा आल्या तशा मागे गेल्या, बाळंत झाल्या, दगडानं नाळ तोडली आणि प्रेक्षक थांबलेत म्हणून पुन्हा उभ्या राहिल्या, ही हकीकत महाराष्ट्रभर सांगतात. लोक ती ऐकून टाळ्या वाजवतात. आम्हाला वाटतं, आधी हे विचारायला हवं, की त्या बाईला त्या रात्री सुट्टी का नव्हती? २००२ च्या जानेवारीत त्या गेल्या, आणि शेवटचे दिवस त्यांनी हलाखीत काढले. पुढे सरकारनं त्यांच्या नावानं पुरस्कार सुरू केला. नाव राहिलं तरी भाकरीचं काय, हा प्रश्न उरतोच.

आपल्याच जिल्ह्यात मोडनिंबची कलाकेंद्रं आहेत. तिथल्या संगीत बाऱ्यांतल्या बायका पिढ्यान् पिढ्या लावणी गातात, अदा करतात. बैठकीच्या लावणीचं शिक्षण त्यांच्याकडे घरातच होतं. पण त्या रस्त्यानं जाताना घरच्या बायकांना मान दुसरीकडे वळवायला शिकवलं होतं. यात बदल केला तो अकलूजनं. सहकारमहर्षी शंकरराव मोहिते-पाटील यांच्या स्मरणार्थ १९९० च्या दशकात तिथे राज्यभरातली लावणी स्पर्धा सुरू झाली. शिस्तीचं रंगमंच, परीक्षक, बक्षीस, आणि समोर कुटुंबासह बसलेले प्रेक्षक. हजारो बायकांनी पहिल्यांदा लावणी समोर बसून बघितली. लावणी तीच होती, नाचणारीही तीच. बसण्याची जागा बदलली आणि बघणाऱ्याची नजर बदलली. महोत्सव म्हणजे नुसती करमणूक नसते. कोणाकडे मान वर करून बघायचं, हे तो गावाला शिकवतो.

आईकडून आलेली कलाही आपल्या जिल्ह्यात कमी नाही. शाहीर अमर शेख बार्शीचे, जन्म १९१६. गिरणीत काम केलं, लाल बावटा कलापथकात अण्णाभाऊ साठे आणि गवाणकरांबरोबर गायले, संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत त्यांच्या आवाजानं मैदानं भरली. लोकगीतांचा वारसा त्यांना मिळाला तो आईकडून. त्यांच्या आईचं नाव मुनेरबी. हे नाव आपल्याला ठाऊक आहे, कारण ते लिहून ठेवलं गेलं.

चित्रकार एम. एफ. हुसेन पंढरपूरचे, जन्म १९१५. ते दीड वर्षाचे असताना आई वारली. कुटुंब इंदूरला गेलं. पुढे मुंबईत त्यांनी सिनेमाचे फलक रंगवले, १९४७ मध्ये प्रोग्रेसिव्ह चित्रकारांच्या गटात आले आणि जगप्रसिद्ध झाले. त्यांच्या चित्रांत कितीतरी बायका आहेत, साडी नेसलेल्या, पण चेहऱ्याच्या जागी कोरं. आईचा चेहरा आठवत नाही, हे त्यांनीच सांगितलेलं आहे. आणि सोलापुरात जन्मलेल्या फैयाज मुंबईला गेल्या, १९६७ मध्ये "कट्यार काळजात घुसली"त झरीना झाल्या, गाणंही त्यांचं आणि अभिनयही त्यांचा. २०१५ मध्ये बेळगावला झालेल्या पंच्याण्णवाव्या नाट्यसंमेलनाच्या त्या अध्यक्ष होत्या. मुलींना उदाहरण म्हणून सांगायला यापेक्षा जवळचं नाव कुठून आणायचं?

मग करायचं काय? कलादालन व्हायला हवं, त्यात विणलेल्या तसबिरी आणि जेकार्डच्या माळा लागायला हव्यात, हे आम्हीही म्हणतो. पण इमारत व्हायला वर्षं लागतात आणि तोवर माणसं जातात. एक काम मात्र इमारतीवाचून होतं. त्याचा नमुना महाराष्ट्रातच आहे. हेमा राईरकर आणि गी पॉईटवँ या दोघांनी सहकाऱ्यांना घेऊन जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. हजाराहून अधिक गावांतून एक लाखाहून जास्त ओव्या. आणि प्रत्येक ओवीबरोबर ती गाणारीचं नाव आणि गाव लिहिलं. जातं ही तर घरकामाची पूरक वस्तू. पण नाव लिहिल्याबरोबर दळणारी बाई कवयित्री ठरली.

तसंच आपण मागाचं करू या. पूर्वभागात नारळी पौर्णिमेला मार्कंडेय महामुनींचा रथोत्सव असतो. तेलुगूत धाग्याला नूल म्हणतात, आणि विणकरांचा तो धाग्याचा सण. ७ ऑगस्ट हा २०१५ पासून देशात राष्ट्रीय हातमाग दिवस आहे. हे दोन्ही दिवस थोड्या अंतरानं येतात. तेवढ्या काळात प्रत्येकीनं आपल्या घरातल्या किंवा शेजारच्या एका वडीलधाऱ्या बाईपाशी बसायचं. मावशी, तुम्ही कांड्या कितव्या वर्षापासून भरल्या? दिवसाला किती? कोणत्या नक्षीचं सूत तुम्ही लावून दिलंत? हाताला काय झालं? पैसे कुणाच्या हातात पडले? त्या तेलुगूत बोलतील, कन्नडमध्ये, दखनीत, मराठीत. ज्या भाषेत बोलतील त्याच भाषेत लिहून घ्यायचं. सगळ्यात वर त्यांचं पूर्ण नाव, माहेरचंही. मोबाइलवर आवाज साठवता आला तर उत्तमच, पण त्यांना विचारून. घरात जुनी चादर, विणलेली तसबीर, कार्डांची माळ असेल तर ती धुऊन, वाळवून, सुती कापडात गुंडाळून ठेवा. भंगारवाल्याला देऊ नका. मुलांना घेऊन माग बघायला जा. मागवाल्याची परवानगी घ्या, आणि विकत घ्यायचं तर हातमागाचं आहे की यंत्रमागाचं, हे विचारून त्याची रास्त किंमत द्या. घासाघीस करायची तर ती महिनाभर बसून विणलेल्या तसबिरीवर करू नका.

या नोंदी आमच्याकडे आणून द्या. आम्ही त्या इथून वाचून दाखवू, नावासकट. चादरीवरचा मोर ज्यानं काढला त्याचंही नाव सापडलं तर सांगा, पण पहिली नोंद कांडीवालीची घेऊ.